पत्त्यासकट गाऱ्हाणं

खोली भाड्याने देताना घरमालक खोलीचे गुण सांगतात. आमच्या काकांनी मला पाच दोष सांगितले आणि सहावा आठवेना म्हणून ते दारातच थांबून राहिले.

"पावसात ह्या कोपऱ्यान गळतं. बादली देईन. बादलीपण वाईच गळते. चिऱ्याच्या फटीन फुरसी असतात. चावत नाहीत असं मी बोलणार नाय. मोबाईलला रेंज नाय. फणसाखाली उभं ऱ्हायलं तर येते, पण फणस पिकले की तिथं उभं ऱ्हाऊ नका. मोरी लांब हाय. आणि..." बराच वेळ ते छपराकडे बघत राहिले. "हां. मी पहाटे खोकतो. जोरात."

फुरसं म्हणजे हातभर लांबीचा विषारी साप, हे मला दोन दिवसांनी कळलं. तोपर्यंत सामान लावून झालं होतं. तशी त्या गावात दुसरीही एक खोली मिळत होती, पण तिच्या मालकाने तिचं इतकं कौतुक केलं की मला शंका आली. मी घाटावरची, कऱ्हाडकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झाली म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या आडगावात पोचलेली. काकी, म्हणजे काकांच्या पत्नी, पहिलं वर्षभर मला 'घाटावरची बाई' म्हणत. दुसऱ्या वर्षी नुसतं 'बाई' म्हणू लागल्या, तेव्हा आपण रुळलो असं मी समजले.

गाव म्हणजे वरची वाडी, खालची वाडी, बौद्धवाडी आणि ओढ्यापलीकडे मोहल्ला. माणसं कमी आणि कुलपं जास्त. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर निम्मं गाव मुंबईत असे आणि उरलेलं निम्मं मुंबईच्या फोनची वाट बघत असे. काका मात्र एकदाही मुंबईला राहिले नव्हते. जाऊन आले होते. कशी आहे, असं विचारलं तर म्हणाले, "मी तीन दिवस होतो. त्यातला दीड दिवस झोपलेला. माझं मत घेऊ नका."

त्यांचा धंदा आंब्याची कलमं बांधायचा. हात असा की त्यांनी बांधलेलं कलम सहसा मरत नसे. रत्नागिरीजवळच्या एका रोपवाटिकेत ते वीस वर्षं होते, पण सगळी वर्षं मागच्या बाजूला, जिथे गिऱ्हाईक येत नाही. सुरुवातीला त्यांना पुढे बसवलं होतं. पुण्याच्या कुणी एकाने विचारलं, "हे किती वर्षांनी धरेल?" काका म्हणाले, "पाच. पण तुम्ही पाच वर्षं पाणी घालाल असं तुमच्याकडं बघून वाटत नाय." गिऱ्हाईक गाडीत बसलं. मालकाने त्याच दुपारी काकांचं पोतं आणि चाकू उचलून मागे नेऊन ठेवला. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. मागे सावली जास्त होती, असं ते सांगत.

मिरकरवाड्याच्या बंदरावरून एकजण मोटरसायकलवर मासळी घेऊन येई. तो सगळ्या वाड्यांत हॉर्न वाजवायचा, फक्त आमच्या दाराशी वाजवायचा नाही. काका मासळी घेत, भाव करत नसत, पण पाटी उघडली की जमलेल्या बायकांना एकेक मासा दाखवत सांगत, "ही आजची. ही कालची. ह्याबद्दल मी काय बोलत नाय." मासळीवाल्याने शेवटी काकींशी वेगळा करार केला. तो खालच्या पाणंदीत थांबायचा आणि काकी भांडं पदराखाली घेऊन जायच्या.

"लग्न ठरवताना ह्यांनी माझ्या बापाला सांगितलं," काकी एकदा कुळीथ निवडता निवडता म्हणाल्या, "की जमीन कमी हाय, घर गळतं आणि मला राग आला की मी जेवत नाय. बापूस खूश. बोलला, इतका खरा माणूस शोधून मिळायचा नाय."

"मग?"

"मंग काय. सगळं खरं होतं."

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी. काकांकडे गावाच्या गाऱ्हाण्याचा मान होता. घाटावरच्या मला हे नवीन, म्हणून सांगते. कुणाला नोकरी हवी असते, कुणाची गाय आटलेली असते, कुणाच्या सुनेला दिवस जात नाहीत. अशा वेळी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गावाच्या वतीने एक माणूस देवाला सगळं सांगतो. तो एकेक वाक्य बोलून थांबतो आणि जमलेले सगळे "व्हय महाराजा" म्हणतात. एकट्याचं मागणं असं सगळ्या गावाचं होतं. हा मान घराण्यात चालत येतो. काकांच्या बापाकडे होता, आज्याकडे होता. ते दोघे कसं गाऱ्हाणं घालत मला माहीत नाही. काका पत्त्यासकट घालत.

मी ऐकलेलं पहिलं गाऱ्हाणं भांडुपच्या एका मुलाचं होतं. गणपतीला आला होता, जीन्स आणि कपाळाला गंध, आईबाप मागे उभे.

"बा महाराजा, ह्यो तुझा लेकरू, ऱ्हातो भांडुपला."

"व्हय महाराजा."

"डोंगराच्या बाजूला, पाण्याच्या टाकीसमोर, दुसरा माळा, उजव्या हाताचा दरवाजा. जिन्याचा दिवा गेलेला हाय."

"व्हय महाराजा."

"ह्याची नोकरी गेली. गेली म्हंजे ह्यानं सायबाला शिवी दिली. ती कुठची ता ह्याच्या आवशीनं मला सांगितलं हाय, पण तुझ्यासमोर मी ती बोलत नाय."

"व्हय महाराजा."

मुलाचे कान लाल झाले. आई पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मी नंतर काकांना म्हटलं की एवढं सगळं सांगायची काय गरज होती. ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "बाई, पत्ता नीट नाय दिला तर देव काय दारोदार विचारत फिरंल? मुंबई केवढी हाय. आणि शिवी लपवली तर तो दुसरीच चूक दुरुस्त करीत बसंल."

त्या मुलाला दिवाळीनंतर नोकरी लागली. त्यामुळे काकांचं गाऱ्हाणं लागू पडतं असा बोलबाला झाला आणि लोक लाज गिळून त्यांच्याकडे येत राहिले. दहावीच्या एका मुलीसाठी त्यांनी "अभ्यास करते असं बापूस बोलतो, मी बघितलेला नाय" असं सांगितलं होतं. ती पास झाली. काठावर झाली. काका म्हणाले, "बरोबर हाय. जेवढं सांगितलं तेवढं मिळालं."

एक गोष्ट मात्र माझ्या लवकर लक्षात आली, ती शिक्षिका असल्यामुळे. "व्हय महाराजा" म्हणणारे लोक ऐकत नसत. वर्गात मी "कळलं का?" विचारते तेव्हा जे "हो बाई" येतं, तेच हे. वाक्य थांबलं की तोंड आपोआप उघडतं. त्यात कुणाचा दोष नाही, लहानपणापासूनची सवय असते. मीही दुसऱ्या वर्षापासून म्हणू लागले.

माझं तिसरं वर्ष. आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायला सुनंदा येत असे. चाळिशीची विधवा, वरच्या वाडीची, आवाज खणखणीत. नवरा गेल्यावर शाळेची चूल, घरामागचं परडं आणि थोडी भातशेती एवढ्यावर तिने एकटीने मुलगी वाढवली होती. मुलीचं लग्न सावर्ड्याकडच्या एका घरात ठरत आलेलं. माणसं चांगली होती, मागणं काही नव्हतं. होणारे व्याही म्हणाले होते की शिमग्याला तुमच्या दारात पालखी येईल तेव्हा येतो, देवाचं दर्शनही होईल आणि तारीखही पक्की करू.

त्याच सुमाराला गावकीने, म्हणजे गावातल्या मानकऱ्यांच्या बैठकीने, देवळाचा रस्ता रुंद करायचं ठरवलं. मुंबईकरांच्या गाड्या देवळापर्यंत जात नव्हत्या. रस्ता सुनंदाच्या परड्यातून जायला हवा होता. तिथे तिच्या सुपाऱ्या होत्या, केळी होत्या, विहीर होती. ती नाही म्हणाली. बैठकीत बोलावलं तेव्हाही नाही म्हणाली आणि वर म्हणाली, "पालखीला खांदे लागतात. टायर लागत नाहीत."

हे वाक्य तिला महागात पडलं. गावकीने ठरवलं की तिच्याशी संबंध ठेवायचे नाहीत. वाळीत हा शब्द कुणी वापरला नाही, कारण त्याला कायदा आहे. नुसतं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कुणी बघेना. पिठाच्या गिरणीत तिचा डबा मागे राहू लागला. ती ओढा ओलांडून मोहल्ल्यातल्या दुकानात जाऊ लागली, तिथे तिला पूर्वीसारखंच तेलमीठ मिळे. आणि शाळेत मुलं डबे आणू लागली. खिचडी पातेल्यात तशीच राही. एका पोराने मला सांगितलं, "बाई, आमाला आवडते, पण आई नको बोलली."

मग गावकर माझ्याकडे आले. गावकर म्हणजे गावकीचे प्रमुख, गोड बोलणारे गृहस्थ. चहा घेतला, माझ्या गावच्या पावसाची चौकशी केली, आणि उठता उठता म्हणाले, "थोडे दिवस खिचडीला दुसरी कोन मिळाली तर बघा ना बाई. मुलांचे हाल होतात."

कायदा मला माहीत होता. कुठे तक्रार करायची तेही माहीत होतं. पण माझा बदलीचा अर्ज वर गेलेला होता आणि त्या दिवसांत मला गावाशी वाकडं नको होतं. मी सुनंदाला बोलावून म्हटलं, "चार दिवस घरी राहा."

"चार म्हंजे किती?" तिने विचारलं.

मी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. तिने पातेली घासली, पालथी घातली आणि निघून गेली. मुलं उपाशी राहायला नकोत, असं मी स्वतःला सांगितलं. मुलं उपाशी राहत नव्हती, ती डबे आणत होती. मी भ्याले होते, एवढंच खरं आहे.

आणि काका? आता वाचणाऱ्याला वाटेल की ते तरी तिच्या बाजूने उभे राहिले असतील. नाही. त्यांच्या बागेची वाट सुनंदाच्या बेड्यावरून, म्हणजे तिच्या कुंपणाच्या दारावरून जायची. काका ओढ्याकडून वळसा घालून जाऊ लागले. गुडघे दुखत होते, रात्री काकी तेल चोळत, पण सकाळी पुन्हा वळसा. मला राग आला होता. स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढणं सोपं जातं. मी म्हटलं, "काका, तुम्हीसुद्धा?"

"गावकीनं ठरवलं," ते म्हणाले. "मी गावान ऱ्हातो."

एवढंच. पटलं नाही पण करावं लागतं, वगैरे काहीही त्यांनी जोडलं नाही. जोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

शिमगा आठवड्यावर आला तेव्हा गावकर आमच्या पडवीत आले. काका आंबे काढायच्या बांबूला नवी जाळी बांधत होते. गावकरांचं म्हणणं असं की यंदा मुंबईची मंडळी पुष्कळ येणार, मोबाईलवर सगळं धरणार, तेव्हा सहाणेवरचं गाऱ्हाणं जरा आटोपशीर असावं. सहाण म्हणजे पालखी देवळातून येऊन जिथे बसते तो चौथरा. तिथे गावाचं मोठं गाऱ्हाणं होतं आणि मग पालखी घरोघरी जाते.

"पत्ते नकोत," गावकर म्हणाले. "गाव एक हाय, सगळी घरं तुझ्या पाया पडतात, सगळ्यांना सुखी ठेव. एवढं पुरे."

"सगळी?" काकांनी विचारलं.

"सगळी."

"आणि वरच्या वाडीला पालखी?"

"तिच्या बेड्यावरनं सरळ पुढं. थांबायची नाय." गावकरांनी हे अगदी मऊ आवाजात सांगितलं.

ते गेल्यावर काका बराच वेळ जाळीची तीच गाठ सोडत आणि बांधत बसले. मी वह्या तपासत होते. मला म्हणाले, "बाई, शाळेन पोरगा आला नाय आणि तुम्ही हजर लावलात तर काय होतं?"

"काही होत नाही."

"सायब?"

"साहेब पट बघतात, पोरं मोजत नाहीत."

"मंग तो पोरगा शिकतो काय?"

"घरी असलेला कसा शिकेल?"

"हां," काका म्हणाले आणि जाळीकडे वळले. मला वाटलं विषय संपला.

पालखीच्या दिवशी सकाळी सहाणेवर सगळं गाव होतं. मुंबईकर गॉगल लावून, बायका नऊवारी-पाचवारीत, ढोलवाल्यांचे हात सुजलेले. सुनंदा नव्हती. ती घरी असणार आणि तिच्या अंगणात सावर्ड्याचे पाहुणे येऊन बसलेले असणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिने पाहुण्यांना काही सांगितलं नव्हतं हेही माहीत होतं, कारण सांगितलं असतं तर ते आलेच नसते. गावाने टाकलेल्या घरातली मुलगी कोण करून घेणार? पालखी बेड्यावरून सरळ पुढे गेली की त्यांना न सांगताच कळणार होतं. सहाण तिच्या घरापासून टेकाडापलीकडे आहे. तिथे ढोल ऐकू जातात, शब्द जात नाहीत.

ढोल थांबले. काका पुढे झाले. धुतलेलं धोतर, डोक्याला टॉवेल. पाच-सहा मोबाईल वर झाले.

"बा महाराजा, आज तुझा शिमगा, आमी सगळी जमलाव."

"व्हय महाराजा." दणदणीत.

"मुंबईची आली, पुण्याची आली, एकजण दुबईचा आला."

"व्हय महाराजा."

"सगळी जमलाव असं मी बोल्लो, ता चुकलं. एक घर आलेला नाय."

"व्हय महाराजा."

"ता घर आपणहून ऱ्हायलेला नाय. आमी येऊ दिलं नाय."

"व्हय महाराजा!" मागच्या रांगांतून आलं, मुंबईकरांतून तर हौसेने आलं. पुढच्या रांगेत गावकरांनी मान वर केली.

"वरची वाडी, चढण संपली की डाव्या हाताला, दारात तुळस, परड्यान सुपारी. घराची धनीण सुनंदा."

"व्हय महाराजा."

"तिचा गुन्हा काय, तर तिनं आपला परडा दिला नाय. परडा तिचा हाय."

"व्हय महाराजा."

"टाकली आमी. चूक आमची."

"व्हय महाराजा," पुन्हा सगळं गाव म्हणालं. म्हणून झाल्यावर काहींना कळलं. एका बाईने तोंडावर हात ठेवला. गावकर काकांच्या दिशेने एक पाऊल आले आणि थांबले, कारण गाऱ्हाणं मध्येच तोडता येत नाही आणि मोबाईल सगळे चालू होते.

काकांचा आवाज चढला नव्हता की उतरला नव्हता. "मी दोन महिने तिच्या बेड्यावरनं गेलो नाय. वाट बदलली. तू बगत होतास. बोल्लो असतो तर मलापण टाकला असता, म्हणून बोल्लो नाय."

या वेळी "व्हय महाराजा" कमी आलं.

"आणि शाळेच्या बाई, माझ्याच पडवीतल्या खोलीन ऱ्हातात, मूळच्या कऱ्हाडकडच्या. त्यांनी तिला चुलीवरनं काढली. चार दिवस बोलल्या. दोन महिने झाले."

ते थांबले. सवय ही काय गोष्ट आहे ते मला त्या क्षणी समजलं. माझं तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "व्हय महाराजा." माझा एकटीचाच आवाज होता. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी नारळ वाढवला.

पुढे काय करायचं यावर कुणी काही बोललं नाही. कबूल तर करून बसलो होतो, देवापुढे आणि मोबाईलवरही. पालखी उठली, नाचली आणि वरच्या वाडीच्या वाटेला लागली. सुनंदाच्या बेड्याशी ती आपोआप वळली, देवानेच वळवली, असं आता सगळे सांगतात. पालखी आपोआप वळत नाही, पुढचे दोन खांदे वळले. ते कुणाचे होते हे मी पाहिलं आहे. काकांनी सांगितलं असतं, मी सांगत नाही.

तिचं अंगण सारवलेलं होतं. रांगोळी होती, पाट मांडलेला, ओटीचं ताट तयार. दोन महिने ज्या घरात कुणी पाय ठेवला नव्हता, त्या घरातल्या बाईने पहाटे उठून हे सगळं मांडलं होतं. प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर होणारे व्याही आणि त्यांचे भाऊ बसले होते. पालखी बघून ते उठले, टोप्या सारख्या केल्या. मुलगी दाराच्या आत उभी होती. मला हायसं वाटलं. पालखी आली होती, पाहुण्यांनी पाहिली होती. आता चार शब्दांचं गाऱ्हाणं, नारळ, आणि सगळं निभावलं.

मग मला आठवलं की गाऱ्हाणं काका घालणार आहेत.

प्रत्येक घरी ते आधी धनिणीला विचारत. इथेही विचारलं. दोन महिन्यांनी तिच्याशी बोललेला त्यांचा पहिला शब्द हाच. "काय सांगू?"

मी डोळ्यांनी सुनंदाला विनवत होते. मुलीचं सुख माग, बाई, तेवढंच सांग. काकांनीही तेवढंच सांगितलं असतं, कारण तेही खोटं नव्हतं. तिने पाहुण्यांकडे बघितलं, मग अंगणात दाटलेल्या आम्हा सगळ्यांकडे. तिचा तो खणखणीत आवाज दोन महिन्यांत जरा बसला होता.

"खरं काय ता सांगा," ती म्हणाली. "काय काय झालं ता सगळं. आणि मी कोणाला माफ केलेला नाय, ता पण सांगा."

काकांनी मान डोलावली. पालखीकडे तोंड केलं आणि सांगितलं. परडं, बैठक, गिरणी, शाळेची चूल, काही सोडलं नाही. या वेळी गाव वाक्यावाक्याला "व्हय" म्हणत नव्हतं. आता सगळे ऐकत होते. व्याह्यांचे भाऊ व्याह्यांकडे बघू लागले. मुलीने दाराची चौकट धरली होती.

"आणि ती बोलते," काकांनी शेवटचं सांगितलं, "मी कोणाला माफ केलेला नाय."

ते थांबले. ढोलवाल्याने टिपरू खाली केलं. "व्हय" म्हणावं तर आपल्याला माफी नाही हे कबूल होतं, न म्हणावं तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. काका नुसते उभे राहिले. त्यांना घाई नव्हती. एखादं वाक्य अर्धं सोडून पुढे जाणं त्यांना कधी जमलंच नाही.

सावर्ड्याचे व्याही खुर्चीपुढून दोन पावलं पुढे आले. गाव त्यांचं नव्हतं, देव त्यांचा नव्हता, त्यांनी काही म्हणायचं कारण नव्हतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"व्हय महाराजा," ते म्हणाले.

मग एकेक करून बाकीचे म्हणाले. गावकरही म्हणाले, पालखीकडे न बघता. मी या वेळी शेवटी म्हणाले, पण सवयीने नाही.

लग्नाची तारीख त्याच दुपारी ठरली. पुढच्या वर्षापासून गाऱ्हाण्याचा मान गावकीने काकांच्या पुतण्याकडे दिला. तो माईकवर घालतो आणि चांगला घालतो असं म्हणतात. तोवर माझी बदली झाली होती. काकांना मी फोनवर विचारलं की वाईट वाटलं का. "वाटलं," ते म्हणाले, आणि किती दिवस वाटलं तेही सांगितलं.

पालखीच्या दुसऱ्या दिवशी मी सुनंदाच्या घरी गेले होते. म्हटलं, चुकले, परत ये. ती अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. सोमवारपासून येते, म्हणाली. मी थोडा वेळ उभी राहिले. तिने बस म्हटलं नाही.